मलंगगडाची वहिवाट

अंबरनाथ तालुक्यात मलंगगड आहे. तिथल्या हाजी मलंग दर्ग्याची वहिवाट पिढ्यानपिढ्या केतकर या हिंदू ब्राह्मण घराण्याकडे चालत आली. परंपरा सांगते, की इंग्रजांशी झालेल्या 1782 च्या सालबाईच्या तहानंतर पेशव्यांच्या वतीने काशीनाथपंत केतकर तिथे नजराणा घेऊन गेले होते. आजही माघ पौर्णिमेच्या उरुसाला दोन्ही धर्मांचे लोक गड चढतात.

वादही जुना आहे. हा दर्गा म्हणजे नाथपंथाच्या मच्छिंद्रनाथांची समाधी आहे, असा दावा करत 1980 च्या दशकात ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघे यांनी आंदोलन उभारले. मात्र 1950 च्या दशकात व्यवस्थापनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की या संमिश्र स्थानाला हिंदू किंवा मुस्लिम व्यक्तिगत कायदा लागू होत नाही. तिथल्या खास रूढी आणि न्यासांचा सर्वसाधारण कायदाच लागू होतो. दावे-प्रतिदाव्यांच्या गदारोळात हा मुद्दा मागे पडतो, याचे मला फार वाईट वाटते.