दोन पाडवे व एक शुद्धिपत्र

"कोठेंही जा, पळसाला पानें तीनच," ही म्हण आम्हीं आजवर किती वेळां ऐकविली असेल याची गणती नाहीं. प्रवासास निघालेल्या शेजाऱ्यांस ती ऐकवावी, ते परत आल्यावर पुन्हां ऐकवावी, आणि मग ओसरीवर बसून वर्तमानपत्रांतील ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तांबड्या पेन्सिलीनें खुणवाव्या, असा आमचा सेवानिवृत्तीनंतरचा क्रम होता. सारा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें चूक दिसली कीं आमचा हात शिवशिवतो. त्यास इलाज नाहीं. अशा आम्हांवर साठी उलटल्यावर परदेशगमनाचा प्रसंग आला, आणि ज्या पेन्सिलीचा एवढा अभिमान, तिलाच रजा घ्यावी लागली. ती कशी, तें वाचकांस सांगावें म्हणून हा लेख.

इ. स. २०२३ च्या मार्चमध्यें चिरंजिवांस कचेरीच्या कामासाठीं महिनाभर बँकॉक येथें राहावयाचें होतें. तत्पूर्वीं आठवड्याची रजा घेऊन बाली बेट पाहावें व सर्वांनाच बरोबर न्यावें, असें त्यांच्या मनांत आलें. तेव्हां आम्ही, आमचें कुटुंब, चिरंजीव, सूनबाई आणि आठ वर्षांची नात असा मेळा निघाला. समुद्र ओलांडावा कीं नाहीं, हा वाद आमच्या आजोबांच्या पिढींत मिटला होता. आमच्या वांट्यास प्रश्न उरला तो एवढाच कीं, विमानांत मेतकूट नेऊं देतात कीं नाहीं. देतात. कुटुंबानें मेतकुटाबरोबर पंचांगही बांधून घेतलें होतें. कारण वर्षप्रतिपदा २२ मार्चला येत होती, आणि ऐन पाडव्यास आपण परमुलुखांत असणार, ही खंत त्याच्या मनांतून जात नव्हती.

बाली हें विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें आठ अंशांवरील बेट. आकारानें आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही लहान. मुसलमानबहुल इंडोनेशियांत येथील बहुतेक वस्ती मात्र हिंदु आहे. विमानतळाबाहेर पडतांच मोटारवाल्यानें हात जोडून "ॐ स्वस्त्यस्तु" म्हटलें आणि आम्ही जागच्या जागीं थबकलों. स्वस्ति अधिक अस्तु! जो यण्-संधि आमच्या दहावीच्या मुलांस वर्षभर घोकूनही साधत नसे, तो हा गृहस्थ सामान उचलतां उचलतां करून गेला. त्यास पूर्ण गुण देऊन आम्हीं नांव विचारलें. नांव वायान. घराच्या यजमानांचें नांव विचारलें, तेंही वायान. तेथें पहिल्या अपत्यास वायान, दुसऱ्यास मादे, तिसऱ्यास न्योमान व चौथ्यास कतुत म्हणण्याचा प्रघात आहे. पांचवें झालें तर पुन्हां वायानापासून आरंभ. मुलगा असो, मुलगी असो, नांव तेंच. त्या बेटावरील शिक्षक हजेरी कशी घेत असतील, ही चिंता आम्हांस रात्रभर पुरली.

दुसऱ्या दिवशीं ध्वनिक्षेपकावरून त्रिसंध्येची प्रार्थना कानीं पडली. ती गायत्री मंत्रानें सुरू होते. मंत्र तोच; पण चाल निराळी, स्वर निराळे, आणि कांहीं अक्षरें समुद्राच्या वाऱ्यानें गोल झालेलीं. आमचा हात खिशांतील पेन्सिलीकडे गेला. "अहो, ते देवाला म्हणताहेत, तुम्हांला नव्हे," असें कुटुंब म्हणालें.

त्याच सायंकाळीं उलुवातु येथें गेलों. समुद्रावर सुमारें सत्तर मीटर उंच कड्याच्या टोकास तेथील देऊळ आहे आणि त्याच्या आवारांत वानरांचें राज्य आहे. मोटारवाल्यानें आम्हांस चष्मा खिशांत ठेवण्यास सांगितलें होतें. चष्मा खिशांत ठेविला तर पाहावयाचें कशानें, असा कोटिक्रम आम्ही करीत असतांच एक वानर खांद्यावर उतरलें आणि चष्मा घेऊन भिंतीवर जाऊन बसलें. आम्हीं त्यास प्रथम मराठींत व नंतर संस्कृतांत दटावलें. उपयोग झाला नाहीं. शेवटीं तेथील एका माणसानें फळ पुढें केलें. वानरानें तें नीट न्याहाळलें, दुसरें मागितलें, आणि तें मिळाल्यावरच चष्मा टाकला. शास्त्रज्ञांनीं या वानरांचा अभ्यास केला आहे म्हणे. त्यांतील जाणतीं वानरें मौल्यवान वस्तु ओळखून त्याच पळवितात आणि मोबदल्याचा सौदा करितात. आमचा चष्मा मौल्यवान ठरला, एवढेंच समाधान.

मग 'केचक' नांवाचें नृत्य पाहिलें. उघड्या अंगाचे पुष्कळ पुरुष वर्तुळांत बसून "चक् चक्" असा घोष करितात. दुसरें वाद्य नाहीं. आणि मध्यें रामायण घडतें. आजचें त्याचें रूप इ. स. १९३० नंतरच्या दशकांतलें. मारुतिराय अग्नींतून उडी घेऊन बाहेर आले तेव्हां नात टाळ्या पिटीत म्हणाली, "आजोबा, तुमचा चष्मा घेतला तो ह्यांचाच नातू असेल!" आम्हीं वानरास तत्काळ क्षमा केली.

पाडव्याच्या आदल्या दिवशीं छत्रीची काठी, कुटुंबाचा खण आणि पाणी पिण्याचा पेला यांची एक गुढी आमच्या खोलीबाहेरील पडवींत तयार होऊं लागली. यजमानांनीं "हें काय?" असें विचारलें. उद्यां आमचें नवें वर्ष, शालिवाहन शके १९४५, असें चिरंजिवांनीं सांगितलें. यजमान कांहीं न बोलतां आंत गेले आणि भिंतीवरील दिनदर्शिका काढून घेऊन आले. २२ मार्चच्या चौकटींत त्यांचें नवें वर्ष छापलें होतें: शक १९४५. दोन हजार कोसांवर जाऊन आपलाच शक दुसऱ्याच्या भिंतीवर सांपडला, तेव्हां कुटुंबाच्या डोळ्यांत पाणी आलें आणि आमच्याही घशांत कांहीं अडकलें. दोन्ही पाडवे दरवर्षीं एकाच दिवशीं येतात असें नाहीं. त्या वर्षीं ते आले होते.

पण पाडवा तोच असला तरी रीत किती निराळी! आदल्या सायंकाळीं 'ओगोह-ओगोह' नांवाचे अक्राळविक्राळ राक्षस खांद्यांवर घेऊन मुलें चव्हाट्यावर गरगर फिरवितात. ढोल, झांजा, मशाली, एकच गदारोळ. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सहापासून चोवीस तास सारें बेट गप्प. या दिवसास 'न्यपी' म्हणतात. विस्तव नाहीं, दिवा नाहीं, काम नाहीं, प्रवास नाहीं, करमणूक नाहीं. रस्त्यावर गस्तवाल्यांखेरीज चिटपांखरूं नाहीं. विमानतळ बंद, मोबाईलचें इंटरनेट बंद. चिरंजीव प्रथम अस्वस्थ झाले, मग झोंपले. एवढ्या मोठ्या वर्गास असें शांत बसविणें आम्हांस उभ्या जन्मांत साधलें नाहीं, हें प्रांजळपणें लिहून ठेवितों.

रात्र पडली. कोठेंही दिवा नसल्यामुळें आकाश अगदीं छपरावर टेकल्यासारखें दिसत होतें. दक्षिणेस अगस्ति झळकत होता. आग्नेयेस त्रिशंकु वर येत होता. आम्ही पडवींत एकटेच बसलों होतों. इतक्यांत शेजारच्या खोलींतून अगदीं खालच्या आवाजांत एक स्तोत्र ऐकूं येऊं लागलें. नातीस अंधाराची भीति वाटत होती, म्हणून सूनबाई तिला थोपटीत तें म्हणत होत्या.

येथें एक घरगुती गोष्ट सांगणें भाग आहे. सूनबाई आमच्या घरीं आल्या तेव्हां तिन्हीसांजेस देवाजवळ दिवा लावून हें स्तोत्र म्हणत असत. तें त्यांनीं आपल्या आजीच्या तोंडून ऐकून पाठ केलेलें. आजीबाई पुस्तकापर्यंत पोहोंचलेल्या नव्हत्या. त्यामुळें तीन-चार ठिकाणीं दीर्घाचें ऱ्हस्व होई आणि 'ष'चा 'श' होई. आम्हीं पहिल्या दिवशीं सुधारलें, दुसऱ्या दिवशीं सुधारलें, आणि एके दिवशीं पाहुण्यांदेखत मध्येंच थांबवून सुधारलें. त्यानंतर सूनबाई दिवा लावीत, हात जोडीत, आणि आंत जात. अकरा वर्षें तें स्तोत्र घरांत उमटलें नाहीं. आम्ही समजलों, स्तोत्र त्या विसरल्या. खरें सांगावयाचें तर अशुद्ध पाठ बंद झाला, याचें आम्हांस थोडें समाधानही होतें.

तें स्तोत्र आज आम्हीं अथपासून इतिपर्यंत ऐकलें. एक श्लोक गळला नव्हता. त्या तीन-चार चुकाही जशाच्या तशा जाग्यावर होत्या. आणि नात झोंपीं गेली होती. बोलण्याचा दिवस नव्हता म्हणून आम्ही बोललों नाहीं, हें त्या बेटाचे आम्हांवर उपकारच झाले. एरवीं संवयीनें तोंडून काय निघालें असतें, तें सांगवत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तेथील लोक एकमेकांच्या घरीं जाऊन गेल्या वर्षींच्या अपराधांची क्षमा मागतात. यजमान आमच्याकडेही हात जोडून आले. आम्ही मनांत एक वाक्य जुळवून सूनबाईंकडे वळलों. पण त्या सामान बांधीत होत्या, आणि वाक्य तसेंच राहिलें.

तेथून बँकॉकास आलों. विमानतळाचें नांव 'सुवर्णभूमि', आणि आंत देवदानव समुद्रमंथन करीत असलेलें भव्य शिल्प. नांव वाचून छाती फुगली. पण ध्वनिक्षेपकावर बाई म्हणाली "सुवन्नफूम". शहराचें पूर्ण नांव तर एक अखंड समासच आहे. महानगर, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी, उत्तमराजनिवेशन असें करीत करीत तें इंद्रानें दिलेल्या व विश्वकर्म्यानें बांधलेल्या नगरापर्यंत पोहोंचतें. उच्चारांत मात्र एकही शब्द आमच्या ओळखीचा राहत नाहीं. वर्ष विचारलें तर २५६६, बुद्धाचें. एका महिन्यांत आम्ही तीन सनांत राहिलों.

एप्रिलची १३ तारीख उजाडली. त्या दिवसापासून तीन दिवस तेथें 'सोंक्रान' म्हणजे नववर्षाचा उत्सव. शब्द अर्थातच आपला 'संक्रान्त', सूर्याच्या मेषसंक्रमणाचा. चिरंजिवांचे एक तेथील सहकारी आम्हांस तो लिहून दाखवीत होते. शेवटीं त्यांनीं 'त' लिहिला, आणि त्याच्या डोक्यावर एक लहानसें चिन्ह काढलें. याचा अर्थ काय? तर हें अक्षर मूळ शब्दांत आहे म्हणून लिहावयाचें, पण बोलावयाचें नाहीं; त्यानें गप्प बसावयाचें. मूळही राखलें, आणि बोलणाऱ्याची जीभही मोकळी ठेविली. आम्ही त्या गप्प बसविलेल्या 'त'कडे बराच वेळ पाहत राहिलों.

परीटघडीचें धोतर नेसून, छत्री घेऊन, उत्सव 'पाहण्यास' म्हणून आम्ही बाहेर पडलों. गल्लीच्या तोंडाशीं पांचएक वर्षांचा एक मुलगा उभा होता. त्यानें आमचे पांढरे केस पाहून अत्यंत नम्रतेनें हात जोडले, मान लवविली, आणि मग पिचकारी उचलून आमच्या छातीवर नेम धरला. पाठीमागून कोणी बादली रिकामी केली. एका आजीबाईंनीं गालांस पांढऱ्या मातीचा लेप फांसला. सीलोम रस्त्यावर तर हजारों माणसें एकमेकांस भिजवीत होतीं आणि कोणी रागावत नव्हतें. मागें वळून पाहिलें तों आमचें कुटुंब नातीची पिचकारी घेऊन रिक्षांवर मारा करीत होतें. चाळीस वर्षांच्या संसारांत तें असें हंसलेलें आम्हीं पाहिलें नव्हतें.

त्याच दिवशीं तेथें वडीलधाऱ्यांचा दिवसही पाळतात. दुपारीं जवळच्या विहारांत वृद्ध मंडळी रांगेनें खुर्च्यांवर बसली होती. तरुणांनीं मोगऱ्याच्या फुलांचें सुगंधी पाणी त्यांच्या ओंजळींत घालावें, वर्षभरांतील चुकांची क्षमा मागावी, आणि वृद्धांनीं आशीर्वाद द्यावा, अशी चाल. आम्हांसही हात धरून बसविलें. परकीं मुलें आलीं, पाणी घालून गेलीं. नात आली, चिरंजीव आले, आणि मग सूनबाई आल्या. पाणी थंड होतें. आम्ही आशीर्वादासाठीं तोंड उघडलें, आणि बालीपासून अडकलेलें वाक्य बाहेर पडलें.

"सूनबाई, क्षमा तूं मागावयाची नाहीं. न्यपीच्या रात्रीं तुझें स्तोत्र मीं ऐकलें. अकरा वर्षांपूर्वीं मध्येंच थांबविलें, ती चूक माझी. घरीं गेल्यावर दिव्यापाशीं म्हणत जा."

त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मामंजी, चुका अजून तशाच आहेत."

"असूं देत. संक्रान्तीचें सोंक्रान झालें म्हणून सूर्य मेषेंत यावयाचा राहिला नाहीं."

त्यावर सूनबाई हंसल्या, आणि भांड्यांत उरलें होतें तेवढें सारें पाणी त्यांनीं आमच्या डोक्यावर ओतलें. तीही तेथील रीत असल्याचें आम्हांस सांगण्यांत आलें. आम्हीं तपास केला नाहीं.

पळसाला पानें तीनच, हें आम्ही अजूनही म्हणतों. पण प्रत्येक गांवच्या मातीनें त्यांस निराळी तकाकी येते, असें पुढें जोडतों. आतां घरीं तिन्हीसांजेस स्तोत्र होतें. नातही आईबरोबर म्हणते, आणि आजेसासूबाईंच्या त्या तीन-चार चुका तिच्याही तोंडीं बसल्या आहेत. परवां तिनें आपण होऊन आम्हांस विचारलें, "आजोबा, इथें दीर्घ आहे का हो?" विचारलें म्हणून सांगितलें. एरवीं आमच्याही डोक्यावर तें लहानसें चिन्ह आहे: अक्षर आपल्या जागीं आहे, पण गप्प बसलें आहे.