ट्रॅक्टरची ताकद वाढवणारे जोडभाग: कोणते फायद्याचे, कोणते धोक्याचे?

ऊस वाहतुकीचा हंगाम जवळ आला, की गॅरेजमध्ये एक मागणी हमखास ऐकू येते, ‘ट्रॅक्टर चढाला ओढत नाही, पंप वाढवून द्या.’ कोणी टर्बो बसवायला सांगतो, तर कोणी सायलेन्सर बदलायला. यातील काही बदल उपयोगी आहेत, काही इंजिन खोलण्याची वेळ आणतात. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी ताकद कुठे तयार होते आणि कुठे वाया जाते, हे समजून घ्यावे.

ताकदीची मर्यादा हवा ठरवते

डिझेल इंजिनमध्ये पिस्टन हवा दाबतो, दाबामुळे ती तापते आणि त्यात फवारलेले डिझेल पेट घेते. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी साधारण साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात त्याहून जास्तच हवा असावी लागते, कारण डिझेल आणि हवा मिसळायला वेळ फार कमी मिळतो. टर्बो नसलेले इंजिन ठरावीक हवाच ओढू शकते. म्हणून कंपनी त्या हवेला झेपेल एवढेच डिझेल पंपावर ठरवून देते.

पंप वाढवणे

पंपाची डिलिव्हरी वाढवली, की सुरुवातीला ओढ वाढल्यासारखी वाटते. पण हवा तेवढीच राहते. जादा डिझेल अर्धवट जळते आणि काळा धूर येतो. हा धूर म्हणजे आपलेच वाया जाणारे पैसे. त्याचबरोबर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान वाढते, पिस्टनचा माथा, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केटवर ताण येतो. न जळलेले डिझेल लाइनरवरील ऑइल धुऊन काढते आणि खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते.

माझ्या पाहण्यातील एका शेतकऱ्याने हंगामाच्या तोंडावर पंप वाढवला. दोन महिन्यांत भरल्या ट्रॉलीसह चढावर इंजिन जाम झाले. दुरुस्तीचा खर्च होताच, पण ऐन हंगामात बुडालेल्या खेपांचे नुकसान त्याहून मोठे ठरले.

बाहेरून टर्बो बसवणे

टर्बो बाहेर जाणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरतो आणि जास्त हवा आत दाबतो. तत्त्व योग्य आहे. मात्र कंपनीतून टर्बोसह येणाऱ्या इंजिनाचे पिस्टन, गॅस्केट, पिस्टन थंड ठेवण्याची सोय आणि रेडिएटर वाढीव दाब व उष्णतेचा विचार करून बनवलेले असतात. साध्या इंजिनला नुसता टर्बो जोडला, तर ही तयारी नसते. शिवाय टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकतो. त्याला स्वच्छ ऑइल सतत लागते. ज्यांच्या ट्रॅक्टरला मुळातच टर्बो आहे, त्यांनीही जड कामानंतर इंजिन एक-दोन मिनिटे स्लो ठेवून मगच बंद करावे.

सायलेन्सर आणि एअर क्लीनर

टर्बो नसलेल्या ट्रॅक्टरला मोकळा सायलेन्सर लावून ताकदीत जाणवेल असा फरक पडत नाही. आवाज मात्र वाढतो आणि चालकाच्या कानांना कायमची इजा होऊ शकते. ‘हवा मोकळी मिळावी’ म्हणून एअर क्लीनर काढणे तर सर्वांत घातक. शेतातील धूळ लाइनर आणि रिंगा झपाट्याने घासते.

खर्च करण्याजोगे जोडभाग

• प्री-क्लीनर: एअर क्लीनरच्या आधीच जाड धूळ वेगळी करतो. रोटाव्हेटर, मळणी अशा धुळीच्या कामात उपयुक्त.
• डिझेलमधील पाणी वेगळे करणारा फिल्टर: पंप आणि नोझलचे आयुष्य वाढवतो. साठलेले पाणी नियमित काढावे.
• पुढील व चाकांवरील वजने: इंजिनची ताकद वाढत नाही, पण तयार झालेली ताकद जमिनीत उतरते.

आधी चाकाची घसर मोजा

मागील टायरवर खडूने खूण करावी. त्याच शेतात औजार उचलून टायरचे 10 फेरे होईपर्यंत चालवावे आणि अंतर मोजावे. नंतर नांगर लावून पुन्हा 10 फेरे मोजावेत. समजा, आधी 40 मीटर आणि नंतर 30 मीटर अंतर कापले, तर घसर 25 टक्के आहे. म्हणजे चाकाच्या चार फेऱ्यांतील एक फुकट जातो. नांगरटीत घसर साधारण 10 ते 15 टक्के असावी. जास्त असल्यास वजन वाढवावे, टायरमधील हवा पुस्तिकेप्रमाणे ठेवावी किंवा खोली कमी करावी. घसर फारच कमी असेल, तर वजन गरजेपेक्षा जास्त आहे. अशा वजनाने जमीन दबते आणि मुळांची वाढ खुंटते. हलक्या कामाला जादा वजने काढून ठेवावीत.

पंपाला हात लावण्यापूर्वी तपासा

1. एअर क्लीनर स्वच्छ आहे का? ऑइल बाथ प्रकारात ऑइल खुणेपर्यंत आहे का?
2. डिझेल फिल्टर वेळेवर बदलला आहे का?
3. नोझलची फवारणी आणि व्हॉल्व्हचे अंतर योग्य आहे का?
4. क्लच घसरतो का? ब्रेक चाकाला घासत राहतात का?
5. रेडिएटरच्या जाळीत भुसा, धूळ अडकली आहे का?

नियम आणि सुरक्षा

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. इंजिनमध्ये फेरफार केल्यास वॉरंटी आणि विमा दाव्यातही अडचण येऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पंप वाढवला तरी ब्रेक जुनेच राहतात. जास्त ओझे चढावर ओढता आले, तरी उतारावर ते थांबवता आले पाहिजे.

वरील पाच बाबी दुरुस्त करूनही ओढ कमी पडत असेल, तर ट्रॅक्टरच्या मानाने ओझे किंवा औजार मोठे आहे. अशा वेळी ओझे कमी करावे किंवा त्या कामापुरता जास्त अश्वशक्तीचा ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा.