हूक कुठपर्यंत येतो?

१९९२ साली वैशाखऱ्याच्या फाट्यावर एसटी धरून मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला लागलो, तेव्हा आमच्या शेडमध्ये क्रेन नव्हती. लोखंडी नळ्यांची तिवई, तिला टांगलेली चेनपुली आणि सहा खलाशी, एवढ्या सरंजामावर टाक्या तयार होत. चेनपुली कुणाचीही असो, तिला इंडेफच म्हणायचं. हे नाव तेव्हा मुलुंडच्या हर्क्युलस हॉइस्ट्सचं होतं. १९६२ साली, म्हणजे ज्या वर्षी एमआयडीसी स्थापन झाली त्याच वर्षी सुरू झालेली कंपनी. म्होरक्या ‘हाबेस’ ओरडला की वर घ्यायचं, ‘आरिया’ म्हटलं की खाली सोडायचं. हे गोदीतले शब्द, आणि ‘आरिया’ तर थेट पोर्तुगीजांकडून आलेला.

आमच्या गावाच्या डोक्यावरचा नाणेघाट सातवाहनांपासून माल चढवत आला. पण त्या मालाची बैलाच्या पाठीला झेपेल अशी वाटणी करता येत होती. साडेतीन टनांच्या टाकीची कशी करणार?

पहिली क्रेन आली १९९६ साली. शेठनी एकच प्रश्न विचारला होता, “किती टन?” सर्वांत मोठी टाकी साडेतीन टनांची, म्हणून पाच टनांची घ्यायची ठरली आणि जुन्या यंत्रांच्या बाजारातून स्वस्तात मिळाली. ती होती मोठ्या शेडची. आमची शेड १४ मीटर रुंद, म्हणून गर्डर कापून पुन्हा जोडला. शेडचे खांब पत्र्यासाठी उभे केलेले, त्यांनाच ब्रॅकेट मारून वर रूळ टाकले. आज हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

हिशेब कुणी केलाच नव्हता. पाच टनांची क्रेन, चार चाकं, म्हणजे चाकामागे सव्वा टन, असं आम्हाला वाटे. पण माल उचलणारा हॉइस्ट एका टोकाला गेला की जवळजवळ सगळा भार त्या बाजूच्या दोनच चाकांवर येतो. वर पुलाचं, म्हणजे गर्डरचं, स्वतःचं वजन. आमच्या क्रेनचं त्या बाजूचं एकेक चाक पावणेचार टनांच्या आसपास दाबत होतं. विजेवरच्या क्रेनसाठी धक्क्यापोटी त्यात २५ टक्के आणखी धरायचे असतात. शिवाय हॉइस्टची ट्रॉली थांबताना आडवा हिसका बसतो, तो वेगळाच. खांबांमधलं अंतर सहा मीटर असेल, तर रुळाखालची तुळई ८ मिलिमीटरपेक्षा जास्त लवू नये, असा दंडक आहे: लांबीचा साडेसातशेवा भाग. आमची किती लवत होती ते मोजलं नाही. खालून डोळ्यांनीच दिसत होतं. रूळ समांतर राहिले नाहीत, चाकांचे काठ झिजले, क्रेन तिरकी होऊन अडू लागली. तिसऱ्या पावसाळ्यात एक ब्रॅकेट खांबापासून सुटलं. खाली माणूस नव्हता, हा निव्वळ योग.

तेव्हाच्या कारखाने कायद्याचं २९ वं कलम मी त्यानंतर वाचलं. त्यात लिहिलं होतं: उचलणाऱ्या यंत्राची बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी झालीच पाहिजे. रुळाजवळ कुणी काम करत असेल तर क्रेन त्याच्या सहा मीटरच्या आत येता कामा नये.

२००९ मध्ये नवी शेड उभी राहिली तेव्हा शेठ म्हणाले, आता दहा टनांची घेऊ, उद्या लागेल. तोवर मी शहापूर तालुक्याची दोन टोकं पाहिली होती. एक चोंढे, जिथे घाटघर प्रकल्पाचं भूमिगत वीजगृह आहे, १२५ मेगावॉटचे दोन संच. अशा वीजगृहातली क्रेन जनित्राच्या रोटरसारखी अवजड वस्तू बसवण्यासाठी घेतात. उभारणी झाली की एरवी ती बहुतेक उभीच असते. दुसरं टोक वासिंद, जिथे जिंदलांचा पोलादाचा कारखाना. पोलादाच्या कॉइली हलवणाऱ्या क्रेनला टन कमी, पण पाळ्या तीन. म्हणूनच मानकांत एम-१ ते एम-८ असे कामाचे वर्ग केलेले आहेत. टनांवरून ताकद कळते, वर्गावरून आयुष्य.

मी एका शिकाऊ पोराला दोन दिवस वही देऊन बसवलं. टाकी आठवड्यातून दोनदा उचलली जाई, पण आठशे किलोच्या प्लेटा तासाला अठरा वेळा! दहा टनांची गरजच नव्हती. पाच टनांचीच, पण वरच्या वर्गाची घेतली. वाचलेले पैसे खांबांच्या पायात घातले. दुहेरी गर्डर निवडला, कारण ट्रॉली पुलावरून धावते, हूक दोन गर्डरांच्या मधून वर येतो आणि तेवढी उंची पदरात पडते. या निवडीबद्दल शेठ वर्षभर कुरकुरत होते. कागदावर टन वाढले नाहीत ना!

भारनियमनाच्या दिवसांत टाकी अधांतरी असताना वीज जायची. ब्रेक स्प्रिंगने मिटतो, वीज त्याला फक्त उघडते, हे ठाऊक असूनही सगळे बाजूला सरकत. सरकावंच. पुढे लोंबत्या बटणपेटीच्या, म्हणजे पेंडंटच्या, जागी रिमोट आला, वेग सावकाश वाढवणारा ड्राइव्ह बसवल्यावर धक्के गेले, खलाशी सहाचे दोन झाले. पण रिमोटवाल्या पोराला खालून अजून ‘हाबेस’च ओरडतात.

एक चूक मात्र राहिली. हूक भिंतीपर्यंत कधीच येत नाही. दोन्ही बाजूंना मीटरभर पट्टा मोकळा सुटतो. आराखड्यावर तो मी पाहिला होता आणि तरीही वेल्डिंगचं टेबल पूर्वेच्या भिंतीला लावू दिलं. गेल्या वर्षी निवृत्त झालो तेव्हा त्या टेबलावर चेनपुली टांगलेली होती. तिवई तीच, १९९२ ची.