धंद्यातील माणुसकी : कोल्हापूरची परंपरा

व्यवसायात मानवी मूल्ये आणण्याचा जाहीर प्रयत्न कोल्हापूर संस्थानात शंभर वर्षांपूर्वीच झाला. 1895 मध्ये शाहूपुरी पेठ वसवून गुळाच्या व्यापाराला चालना देणाऱ्या शाहू महाराजांनी बाजारात कोणाला स्थान मिळते, हा प्रश्नही हाती घेतला. पाण्याला शिवल्यावरून मारहाण झालेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढायला मदत केली. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून भर रस्त्यावर सर्वांसमक्ष चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. भाषणांपेक्षा हे कितीतरी परिणामकारक होते, कारण यात मूल्य रोजच्या विक्रीतच उतरले होते.

पुढे उद्योग आणि सहकारातही असे प्रयत्न झाले. किर्लोस्करवाडीत 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याचे हे पत्र पुढे सामाजिक सुधारणेचे मासिक बनले. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी सहकारी साखर कारखान्याभोवती शिक्षणसंस्था, ग्राहक भांडार आणि मुलांचा वाद्यवृंदही उभा केला. सहकारात भाग कितीही असले तरी सभासदाला मत एकच.

आता ही अपेक्षा कायद्यातही उतरली आहे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. ही तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू आहे.