वारसा-वास्तूंचे परीक्षक आणि पालघरची कुडाची घरे

जुन्या वास्तूंच्या जतनासाठी युनेस्कोच्या बँकॉक येथील प्रादेशिक कार्यालयामार्फत आशिया-प्रशांत विभागात २००० सालापासून जे पुरस्कार दिले जातात, त्यांच्या यादीत मुंबईतील वास्तू वारंवार दिसतात. मात्र ज्या परीक्षक मंडळाच्या विचारविनिमयातून ही निवड होते, ते मंडळ नेमके काय पाहते आणि कोणत्या गोष्टी त्याच्या नजरेपर्यंत पोहोचतच नाहीत, याची चर्चा फारशी होत नाही. मुंबईच्या उत्तरेला असलेल्या पालघर जिल्ह्याच्या दृष्टीने तर हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

पुरस्काराच्या अटी मोजक्या आहेत. वास्तू ५० वर्षांहून जुनी असावी, जतनाचे काम गेल्या १० वर्षांत पूर्ण झालेले असावे, काम संपल्यानंतर ती निदान एक वर्ष प्रत्यक्ष वापरात असावी आणि या प्रयत्नात खासगी व्यक्ती वा संस्थांचा सहभाग असावा. जतन याचा अर्थ येथे इमारत नव्यासारखी चकचकीत करणे असा नसून, तिचे मूळ साहित्य, रचना आणि तिच्यावर उमटलेला काळाचा ठसा शक्य तितका राखून तिचे आयुष्य वाढवणे असा आहे. त्यामुळे परीक्षक तीन अंगांनी काम तपासतात: वास्तूचे महत्त्व करणाऱ्यांना कितपत उमगले होते, दुरुस्तीचे तंत्र व साहित्य तिच्या प्रकृतीला मानवणारे होते का, आणि त्या कामाचा परिसरातील समाजावर व शासनाच्या धोरणावर काही परिणाम झाला का. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला तर आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि दगड-विटा आतून खचू लागतात; अशी भिंत छायाचित्रात कितीही देखणी दिसली तरी जाणकार परीक्षकाच्या लेखी ते नुकसानच ठरते.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला २००५ साली या पुरस्कारांतील सर्वोच्च श्रेणी मिळाली, त्यामागे केवळ अंतर्भागातील रंगकाम आणि ओतीव लोखंडाचे खांब यांना परत मिळालेले तेज नव्हते. १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झालेली ही इमारत मुंबई महानगरपालिकेच्या मालकीची असून, तिच्या जतनासाठी २००३ साली पालिका, इंटॅक ही वारसा-जतनाचे काम करणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला. सार्वजनिक मालमत्ता, तज्ज्ञांचे मार्गदर्शन आणि खासगी निधी यांची अशी सांगड घालता येते, हे त्यातून दिसून आले. पुढे २०२२ मध्ये हीच श्रेणी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मिळाली. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली, कुर्ल्याचा काळा दगड आणि मालाडचा पिवळसर दगड वापरून उभारलेली ही इमारत १९२२ साली लोकांसाठी खुली झाली होती, आणि तिच्या शताब्दीच्या निमित्ताने वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या कामाचा हा गौरव होता. रॉयल ऑपेरा हाउसच्या बाबतीत, ज्याला २०१७ साली गुणवत्ता श्रेणीचा पुरस्कार मिळाला, वापराची अट विशेष अर्थपूर्ण ठरते, कारण आधी नाट्यगृह, मग चित्रपटगृह आणि नंतर अनेक वर्षे बंद असलेली ही वास्तू २०१६ साली पुन्हा रंगमंच म्हणूनच खुली झाली.

परीक्षक मंडळात विविध देशांतील वास्तुविशारद, जतनतज्ज्ञ आणि अभ्यासक असतात. हवाई विद्यापीठाचे विल्यम चॅपमन व सिंगापूरचे योहानेस विडोडो यांनी हे काम केले आहे, आणि पेनांगच्या ज्या वाड्याला पहिल्याच वर्षी, २००० साली, सर्वोच्च मान मिळाला त्याचे जतन करणारे लॉरेन्स लोह हेही पुढे परीक्षक झाले. चुन्यात हात घातलेला माणूस निवाड्याला बसतो, ही या मंडळाची मोठी जमेची बाजू मानली पाहिजे. तथापि परीक्षकांपुढे प्रथम येतात ती कागदपत्रे: वास्तूचा इतिहास, मोजणी करून काढलेले नकाशे, कामाआधीची व नंतरची छायाचित्रे. १९७७ साली स्थापन झालेल्या आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या पद्धतीत निवडक प्रकल्पांवर तज्ज्ञ पाठवून जागेवर तपासणी करवून घेतली जाते व तिचे अहवाल परीक्षकांपुढे ठेवले जातात. खर्च मोठा असला तरी ती पद्धत अधिक विश्वासार्ह आहे.

परीक्षकांचा निर्णय कोणालाही बंधनकारक नसतो, ही मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील, लुई कान यांनी रचलेल्या विक्रम साराभाई ग्रंथालयाच्या जतनासाठी मुंबईच्या ब्रिंदा सोमय्या यांच्या संस्थेला २०१९ साली पुरस्कार मिळाला, आणि पुढच्याच वर्षी त्याच आवारातील कान यांची बहुतेक वसतिगृहे पाडण्याचा प्रस्ताव संस्थेने मांडला. जगभरातून विरोध झाल्यावर तो मागे घेतला गेला, पण २०२२ मध्ये तो विचार पुन्हा पुढे आला.

परीक्षक निवडतात ते समोर आलेल्यांतूनच, आणि प्रस्ताव तयार करण्यासाठी मालक, निधी व प्रशिक्षित वास्तुविशारद एकत्र यावे लागतात. मुंबईत ते जुळते, पालघर जिल्ह्यातील सरावलीत जुळणे कठीण आहे. बोईसरला लागून असलेल्या, तारापूर औद्योगिक क्षेत्राच्या शेजारच्या या गावाच्या आसपास वारशाचा मात्र तुटवडा नाही. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला, ज्याच्या लढाईत बाजी भिवराव कामी आले, तो तारापूरचा किल्ला जवळच आहे. १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्रही वयाची अट केव्हाच ओलांडून गेले आहे.

यांपेक्षा अवघड प्रश्न वारली कुटुंबांच्या कुडाच्या घरांचा आहे. कारवीच्या काठ्या विणून उभारलेल्या भिंतींवर माती व शेण यांचा लेप दिला जातो आणि तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, म्हणजेच घर जुने असते आणि त्याचे अंग नवे. १९९४ साली जपानमधील नारा येथे मान्य झालेल्या दस्तऐवजाने अस्सलपणा केवळ मूळ साहित्यावर नव्हे, तर परंपरा, कौशल्य आणि वापर यांवरूनही ठरवता येतो, हे स्पष्ट केले; जपानमधीलच इसे येथील देवालय दर २० वर्षांनी नव्याने बांधले जाते, तरी त्याच्या प्राचीनतेला बाध येत नाही. या कसोटीवर कुडाच्या घराचा प्रस्ताव परीक्षकांपुढे न्यायचा तर त्यात भिंतीच्या वयाइतकेच कारवी कोणत्या रानातून येते, ती तोडण्याचा हक्क कोणाला आहे आणि लिंपण्याचे कौशल्य घरातील कोणाकडून कोणाकडे जाते, हे नोंदवावे लागेल. वास्तुकला महाविद्यालयांनी अशा घरांची मोजणी व नोंदणी आपल्या अभ्यासक्रमात घेतली, तर तो प्रस्ताव लिहिण्यासाठी लागणारी सामग्री येत्या काही वर्षांतच हाती येईल.