श्रीलंकेच्या धम्मयात्रेस निघण्यापूर्वी

विनयपिटकाच्या महावग्गात विशाखा उपासिकेने तथागतांकडे मागितलेल्या आठ वरांची कथा आहे. त्यांपैकी पाच वर प्रवास आणि आजारपण यांच्याशी निगडित आहेत : आगन्तुकभत्त, गमिकभत्त, गिलानभत्त, गिलानुपट्ठाकभत्त आणि गिलानभेसज्ज. विशाखेने दिलेली कारणे अत्यंत व्यवहारी आहेत. नवागत भिक्खूस गावातील वाटा ठाऊक नसतात. निघालेला भिक्खू अन्न शोधत राहिला तर सोबतचा तांडा पुढे निघून जातो. आजाऱ्यास योग्य अन्न व औषध न मिळाल्यास दुखणे बळावते. तथागतांनी हे वर मान्य केले.

या कथेचे स्मरण होण्यास कारण असे की, यवतमाळ जिल्ह्यातील उपासक-उपासिका बोधगया, सारनाथ, कुशीनगर यांच्या पुढे जाऊन आता श्रीलंकेच्या यात्रेचा विचार करू लागले आहेत. ज्या द्वीपावर महेंद्र व संघमित्रा यांनी धम्म नेला, जेथे तिपिटक प्रथम लिपिबद्ध झाले, आणि जेथे प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेस उपस्थित राहिले, त्या भूमीची ओढ स्वाभाविकच आहे. परंतु ‘तो तर आपलाच बौद्ध देश, तेथे कसली काळजी?’ ही जी समजूत आढळते, तीच आम्हांस सर्वाधिक धोक्याची वाटते.

प्रथम कागदपत्रे. पासपोर्टची मुदत लंकेत पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असावी. आपला जिल्हा नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. शाळेचा दाखला आणि आधारपत्र यांतील नाव किंवा जन्मतारीख जुळत नसेल, तर ती दुरुस्ती अगोदर करून घ्यावी. वयस्क उपासकांच्या बाबतीत ही अडचण हमखास येते. लंकेची ‘ईटीए’ ही प्रवेश-परवानगी निघण्यापूर्वीच, तेथील शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी. शुल्क व सवलती वारंवार बदलतात, म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्याच्या सांगण्यावर विसंबू नये. ही परवानगी पर्यटनापुरती असते. श्रामणेर दीक्षा घेऊन किंवा पालीच्या अध्ययनासाठी दीर्घकाळ राहावयाचे असल्यास निराळा व्हिसा लागतो.

आता अधिक नाजूक विषय. आपल्याकडे अंगावर बुद्धप्रतिमा गोंदवून घेणे, बुद्धांचे चित्र असलेला सदरा घालणे हे श्रद्धेचे आणि अस्मितेचे चिन्ह आहे. लंकेत मात्र तेच अवमानाचे समजले जाते. दंडावर बुद्धांचे चित्र गोंदवलेल्या एका ब्रिटिश स्त्रीला २०१४ साली विमानतळावर अडवून परत पाठविण्यात आले. २०१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई देवविली हे खरे. पण न्याय मिळण्यास तीन वर्षे लागली आणि यात्रा बुडाली ती बुडालीच. आमच्या मते यात कोणाची श्रद्धा खरी हा वाद घालण्यात अर्थ नाही. गोंदण पूर्ण बाहीच्या शुभ्र वस्त्राने झाकावे, तसे सदरे घरीच ठेवावेत. मूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये. विहाराच्या आवारात टोपी आणि पादत्राणे काढावी लागतात. दुपारी दगडी फरशी भाजून काढते, म्हणून अनुराधपुरास सकाळी लवकर जावे. मिहिंतलेच्या सुमारे १८४० पायऱ्या गुडघे दुखणाऱ्यांनी चढण्याचा हट्ट धरू नये.

प्रकृतीसंबंधी. लंकेने हिवताप हद्दपार केला असून २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तसे प्रमाणपत्र दिले. आपल्याकडे तो अजून आहे, म्हणून तेथे ताप आल्यास आपण भारतातून आलो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रोग आपल्यामार्फत तेथे परतता कामा नये. उलट डेंग्यू तेथे मोठा आहे. २०१७ च्या साथीत पावणेदोन लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. तापात अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात घ्यावे व रक्त तपासून घ्यावे. ताप उतरल्यानंतर पोट दुखू लागले वा उलट्या झाल्या तर ती बरे होण्याची खूण समजू नये, त्याच वेळी रुग्णालय गाठावे. मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या चिठ्ठीसह हातातील पिशवीत ठेवाव्यात. तीर्थस्थळी माकडे आणि कुत्री पुष्कळ. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी. रुग्णवाहिकेसाठी १९९० हा क्रमांक आहे. ही सेवा २०१६ साली भारताच्या साहाय्याने सुरू झाली.

काळ कोणता निवडावा? वैशाख पौर्णिमेचा मोह सर्वांनाच होतो, पण मे महिन्यात नैर्ऋत्येकडील पावसास आरंभ होतो, गर्दीही अफाट असते. कापसाची वेचणी आटोपल्यावरचे फेब्रुवारी-मार्च हे महिने आपल्या शेतकरी उपासकांना सोयीचे, आणि लंकेतही बहुतेक ठिकाणी कोरडे. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दित्वा चक्रीवादळाने डोंगराळ भागात दरडी कोसळून शेकडो माणसे दगावली. तेव्हा कँडीकडे जाण्यापूर्वी रस्त्यांची चौकशी करावी. उत्तर भागात युद्धकाळातील सुरुंग काढण्याचे काम चालू आहे, तेथे पायवाट सोडू नये.

एक शेवटची गोष्ट. दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष अनुराधपुराच्याच वृक्षाच्या रोपांतून वाढला. ती भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणली होती. त्यामुळे आपल्या गावच्या विहारासाठी एखादे रोप आणावे असे प्रत्येकास वाटते. परंतु आयात-परवाना आणि लंकेच्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आणलेले रोप भारतीय विमानतळावर जप्त होते. ज्या विहारास रोप हवे असेल, त्याच्या समितीने यात्रेच्या कित्येक महिने आधी रीतसर अर्ज करावा.