सकाळी अडीच वाजता कामाला

इथिओपियात घड्याळ उजाडल्यापासून मोजतात. आपल्या सकाळच्या सातला तिथे एक वाजतो आणि भर दुपारी सहा. देश विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे सूर्य वर्षभर सहाच्या आसपासच उगवतो आणि हा हिशेब बिनबोभाट चालतो. हवासाच्या सरकारी रुग्णालयात माझी हजेरी साडेआठची होती, म्हणजे तिथल्या बोलीत अडीचची. सूर्योदयाला वार बदलणारं पंचांग ज्याच्या घरात टांगलेलं असतं, त्याला यात नवल वाटायचं कारण नाही. तरी कुणी वेळ सांगितली की ती ‘हबेशा’ की ‘फेरेंजी’, म्हणजे त्यांची की परदेशी लोकांची, एवढं विचारून घ्यावं लागतं.

हवासा अदिस अबाबाच्या दक्षिणेला, रिफ्ट खोऱ्यातल्या तळ्याकाठी वसलेलं आहे. कोल्हापुरात रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर स्वयंसेवक म्हणून हवासाला गेलो. पगार नाही, राहण्या-खाण्यापुरता भत्ता. ऑटोक्लेव्ह आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू ठेवायचे आणि तिथल्या मुलांना ते शिकवायचं, हे काम. दान म्हणून आलेली यंत्रं कोपऱ्यात पडून होती. सुटे भाग नाहीत, पुस्तिका तिसऱ्याच भाषेत. बऱ्याच कॉन्सन्ट्रेटरांचं दुखणं मात्र साधं असतं. हवा आत घेणारी जाळी धुळीने बुजते. ती धुऊन, पुरती वाळवून परत बसवायची.

नोंदवहीत आणखी एक गंमत. तिथलं वर्ष तेरा महिन्यांचं. बारा महिने तीस-तीस दिवसांचे, आणि शेवटचा ‘पागुमे’ पाच किंवा सहा दिवसांचा. नवं वर्ष बहुधा ११ सप्टेंबरला लागतं आणि सालही आपल्यापेक्षा सात-आठने मागे. २०२४च्या सप्टेंबरात तिथे २०१७ उजाडलं. यंत्राच्या पट्टीवर कारखान्याची तारीख, वहीत तिथली. म्हणून मी दोन रकाने आखून घेतले.

पण खरं रुळणं झालं ते रुग्णालयाच्या आवारातल्या कॉफीच्या टपरीवर. बुटक्या स्टुलांवर बसायचं. बाई हिरव्या बिया धुऊन तव्यावर भाजते. धूर यायला लागला की तो तवा प्रत्येकापुढे फिरवते, आणि आपण हाताने धूर ओढून वास घ्यायचा. मग खलबत्त्यात कुटून, जेबेना नावाच्या लांब मानेच्या काळ्या मातीच्या भांड्यात उकळायची. बिनकानाच्या छोट्या कपांत ती वरून बारीक धारेने ओतते. एकदा ओतायला लागली की हात उचलत नाही, कपामागून कप भरत जाते. शेजारी ऊद जळत असतो, वाडग्यात मक्याच्या लाह्या. एकाच भुकटीवर तीन फेऱ्या होतात: आबोल, तोना, बेरेका. प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा फिकी. शेवटची आशीर्वादाची, म्हणून पहिला कप पिऊन उठणं बरं दिसत नाही. ‘काम पडलंय’ म्हणून ज्याचा जीव वरखाली होतो, त्याने हे सोसावंच. कुठल्या वॉर्डात कुठलं यंत्र बंद आहे आणि ते कुणी लपवून ठेवलंय, ही माहिती मला बैठकीत कधी मिळाली नाही. ती दुसऱ्या फेरीला मिळे.

जेवणाची चिंता शाकाहाऱ्याने करू नये. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. मोठे उपास वेगळेच. त्या दिवशी उपासाचं ताट मागवायचं. टेफ या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेला जाळीदार इंजेरा, त्यावर मसूर, कोबी, पालेभाजी आणि शिरो. शिरो म्हणजे बेरबेरे मसाल्याचं पिठलंच. सगळे एकाच ताटात जेवतात, आणि मधेच शेजारचा मोठा घास करून थेट आपल्या तोंडात भरवतो. त्याला गुर्शा म्हणतात. मिशा पांढऱ्या झालेल्या माणसाला सहकाऱ्याच्या हातून घास घ्यायला पहिल्यांदा अवघड जातं, पण नाही म्हणायचं नाही.

तिथे आडनाव नसतं. स्वतःचं नाव, पुढे वडिलांचं. लग्नानंतरही बाईचं नाव बदलत नाही. ओळखपत्रावरचं माझं आडनाव सगळ्यांनी वडिलांचं नाव समजून घेतलं, आणि मी आदराने पण पहिल्याच नावाने ‘आतो’, म्हणजे श्रीयुत, झालो. शिकवताना पोरं एकदम श्वास आत ओढत. नवख्याला वाटतं, धक्का बसला. तो त्यांचा होकार असतो. वयस्कर माणसं मात्र मी भारतीय म्हटल्यावर आपल्या शाळेतल्या भारतीय मास्तरांची आठवण काढत. सम्राट हैले सेलासींच्या काळात आपल्याकडचे पुष्कळ शिक्षक तिथे गेले होते. त्यांनी कमावलेल्या पुण्याईवर मला घरोघरी जेवण मिळालं.

दोन-तीन आठवड्यांच्या सेवा-सहली निघतात, त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. पाहुण्याची सोय करण्यातच यजमानांचा वेळ जातो, आणि जाळी धुवायला शिकलेल्या मुलाला पुढच्या महिन्यात अडलं तर विचारायला कुणी नसतं. हातात कसब असलेल्या निवृत्तांनी जरूर जावं. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० पासून आहे, तिथे नाव नोंदवता येतं. मात्र निदान वर्षभराची तयारी ठेवा, आणि निघण्यापूर्वी तिथली शे-दोनशे वाक्यं पाठ करून जा.